लग्नाच्या कॅसेट आत्याच्या टीव्हीवर: जुन्या लॅपटॉपचा मीडिया सर्व्हर

आमच्याकडे मिनी-डीव्ही कॅसेटची एक पिशवी होती. दोन लग्नं, एक मुंज आणि गणपतीत आरती म्हणणारे आजोबा. कॉम्प्युटरवर उतरवल्यावर तासाला साधारण १३ जीबी भरले. आता हे नाशिकच्या आत्याला दाखवायचं कसं? एक पेनड्राइव्ह पाठवला होता, तो अजून तिकडेच आहे.

यासाठी मीडिया सर्व्हर हवा, म्हणजे आपल्या घरातले व्हिडिओ इतरांच्या टीव्हीवर पोचवणारा कॉम्प्युटर. त्याकरता नवं यंत्र घेऊ नका. कपाटातला जुना लॅपटॉप उत्तम, कारण त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि असे बरेच लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत, तेव्हा विंडोजऐवजी सरळ उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा: झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपता कामा नये आणि सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबावं. चोवीस तास प्लगला लावून ठेवलेली बॅटरी फुगू शकते.

मग जेलीफिन, म्हणजे लॅपटॉपला मीडिया सर्व्हर बनवणारा प्रोग्राम. २०१८ मध्ये एम्बी या सर्व्हरच्या निर्मात्यांनी आपला कोड बंद केला, तेव्हा आधीच्या खुल्या कोडवरून ही शाखा फुटली. पूर्ण फुकट आहे. अधिकृत संकेतस्थळावर उबुंटूसाठी एका ओळीची कमांड आहे, ती टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, चिकटवायची. नंतर घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता, पुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि ८०९६ टाकलं की मांडणीचं पान उघडतं. हा पत्ता रोज बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो लॅपटॉपच्या नावे राखून ठेवा.

लायब्ररी जोडताना माझी एक संध्याकाळ गेली. हार्ड डिस्क दिसत होती, फोल्डर मात्र रिकामं. जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालतं आणि तुमच्या नावाने जोडल्या गेलेल्या डिस्कमध्ये डोकावायची त्याला परवानगी नसते. डिस्क कायमच्या ठरावीक फोल्डरच्या जागी जोडून (याला माउंट करणं म्हणतात) वाचण्याची परवानगी दिली की काम होतं. लायब्ररीचा प्रकार ‘होम व्हिडिओज’ निवडा. ‘मूव्हीज’ निवडलंत तर ते नेटवर नाव शोधायला जातं आणि ताईच्या लग्नावर भलत्याच परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटतं. फाइलच्या नावात आधी साल लिहा, म्हणजे क्रम आपोआप लागतो: ‘२००३ मुंज’, ‘२००५ लग्न’.

कॅसेटवरच्या चित्रात हात हलला की कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. हा इंटरलेसिंगचा, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत टिपण्याचा दोष. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या मोफत प्रोग्राममध्ये डीइंटरलेस चालू ठेवून एच-२६४ या प्रकारची आटोपशीर फाइल बनवा. दात जातात आणि एक तास दीड-दोन जीबीत बसतो. मूळ फाइल मात्र पुसू नका.

आता घराबाहेर पोचवणं. जुने लेख राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट लॅपटॉपपर्यंत येणारी वाट, उघडायला सांगतात. मी सांगणार नाही. ते म्हणजे रस्त्यावरचं दार उघडं टाकून झोपणं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांवर ते चालतही नाही. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो आणि उघडलेलं पोर्ट तुमच्या घरापर्यंत येतच नाही.

त्याऐवजी टेलस्केल घ्या. ते वेगवेगळ्या घरांतली यंत्रं इंटरनेटवरून एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडतं. वैयक्तिक वापराला मोफत आहे. लॅपटॉपवर बसवा, त्याच्या व्यवस्थापन पानावर लॅपटॉपसमोरचं ‘शेअर’ दाबा आणि मिळालेली लिंक आत्याला पाठवा. तिने आपल्या गूगल खात्याने ती स्वीकारायची आणि अँड्रॉइड टीव्हीवर टेलस्केल आणि जेलीफिन ही दोन ॲप घालायची. जेलीफिनमध्ये सर्व्हर म्हणून लॅपटॉपचा टेलस्केलने दिलेला पत्ता आणि तोच ८०९६ द्यायचा. तिला तुमच्याकडचा तेवढा एकच लॅपटॉप दिसतो, घरातलं बाकी काही नाही. फोनवरून हे सगळं समजावायला मला चाळीस मिनिटं लागली, त्यातली वीस पासवर्ड आठवण्यात गेली.

प्रत्येकाला वेगळं खातं द्या आणि फाइल पुसण्याचा अधिकार कुणालाच नको. कुणी कुठली लायब्ररी बघायची तेही खात्यातच ठरतं. विकत घेतलेले सिनेमे मी फक्त माझ्या खात्यात ठेवलेत, कारण डिस्क माझी असली तरी ते इतरांना वाटण्याचा हक्क माझा नाही.

शेवटी अपलोडचा, म्हणजे तुमच्या घरून बाहेर जाणारा वेग तपासा. जाहिरातीत ठळक असतो तो डाउनलोडचा. एका प्रेक्षकाला ४ एमबीपीएस धरलं तर तीन घरांना १२ लागतात. डॅशबोर्डमध्ये बाहेरच्या प्रेक्षकांसाठी कमाल बिटरेट (व्हिडिओचा सेकंदाचा डेटा) ४ एमबीपीएसवर बांधून टाका, नाहीतर दिवाळीत सगळे एकदम बसले की तुमचाच व्हिडिओ कॉल अडखळेल. आणि डिस्कची दुसरी प्रत वेगळ्या घरात हवी. आमची आता आत्याकडेच आहे, त्या पेनड्राइव्हशेजारी.