बोट पाकिस्ताननं पकडली, घरच्यांनी काय करायचं

आपल्या पालघर-डहाणू-तलासरीकडची पोरं दरवर्षी उचल घेऊन पोरबंदर, ओखा, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, आणि मग एखाद्या दिवशी शेठचा (बोटमालकाचा) फोन येतो की पाकवाल्यांनी बोट नेली. घरात रडारड, त्यात कोण म्हणतो दिल्लीला जा, कोण म्हणतो चॅनलवाल्यांना बोलवा. दिल्लीला नंतर बघू, आधी कागद.

शेठकडून बोटीचा रजिस्ट्रेशन नंबर, पकडल्याची तारीख आणि त्या फेरीच्या टोकनचा (समुद्रात जायच्या परवानगीचा कागद) फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, तोंडी नको. टोकनवर खलाशांची नावं असतात. कधी ऐनवेळी भाऊच भावाच्या जागी चढलेला असतो, तसं असेल तर तो बोटीवर होता हे शेठकडून लिहून घ्या. शेठचा जीव बोटीत अडकलेला असतो, माणसं सुटली तरी बोट बहुतेक तिकडेच राहते, त्यामुळे मागे तुम्हालाच लागावं लागणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नाव. कराचीच्या मलीर जेलमध्ये आपल्या हायकमिशनचा (इस्लामाबादमधल्या भारतीय वकिलातीचा) माणूस भेटायला जातो (याला कॉन्सुलर अ‍ॅक्सेस म्हणतात) आणि नाव, बापाचं नाव, गाव लिहून घेतो. तो कागद इस्लामाबादहून दिल्ली, दिल्लीहून राज्य, मग एसपी ऑफिस आणि शेवटी आपल्याच पोलीस ठाण्यात येतो, हा माणूस खरंच इथलाच का हे तपासायला, यालाच व्हेरिफिकेशन म्हणतात. आता समजा रेशनकार्डावर बापाचं नाव लखमा, आधारवर लक्ष्मण, आणि पोरानं तिकडे गाव सांगितलं नुसतं डहाणू, पाड्याचं नावच नाही, तर हवालदार शोधणार कुठे? फाईल तशीच परत. म्हणून अर्जातच लिहून टाका, लखमा उर्फ लक्ष्मण, पाडा अमुक, ग्रामपंचायत अमुक, आणि सोबत आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र आणि सरपंचाचा दाखला.

हा अर्ज पोलीस ठाणे, मत्स्यव्यवसाय खात्याचे सहायक आयुक्त आणि कलेक्टर ऑफिस, तिन्हीकडे द्या आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्का नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर (परदेशात अडकलेल्यांसाठीची वेबसाइट) पण तक्रार टाका, गावातल्या कॉलेजच्या पोराला सांगितलं तरी तो भरून देईल. खासदाराचं पत्र घेतलंत तर त्यात बोटीचा नंबर आणि सगळ्या खलाशांची नावं घाला, एकट्याचं नको.

तुमच्या बाजूनं काय आहे तर 21 मे 2008 चा भारत-पाक करार. अटकेपासून तीन महिन्यांत कॉन्सुलर अ‍ॅक्सेस, आणि शिक्षा संपली अन् नागरिकत्व पक्कं झालं की महिन्याभरात सुटका, असं त्यात लिहिलंय. पाळत कोणीच नाही नीट, आपल्याकडेही त्यांचे मच्छीमार आहेतच की. दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात. 1 जुलै 2025 च्या यादीत पाकिस्ताननं आपले 193 मच्छीमार दाखवले, आपण त्यांचे 81. बाहेर फक्त आकडे येतात, म्हणून आपल्या माणसाचं नाव यादीत आहे का हे लेखी विचारा, आणि नसेल तर लगेच ओरडा.

कुलभूषण जाधवांचं उदाहरण कोणीतरी देणारच. ते प्रकरण हेरगिरीच्या आरोपाचं, 17 जुलै 2019 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टानं पाकिस्ताननं कॉन्सुलर अ‍ॅक्सेस न देऊन व्हिएन्ना करार मोडला असं सांगितलं. आपला खलाशी हद्द ओलांडल्याच्या केसमध्ये असतो, त्याला हेग नको, त्याला व्हेरिफिकेशन पाहिजे.

सुटका मात्र दोन सरकारांच्या मूडवर. 2023 च्या मे महिन्यात पाकिस्ताननं आपले एकदम 198 मच्छीमार सोडले. आणि 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर हायकमिशनची माणसं 55 वरून 30 वर आली, अटारीची सीमा बंद, टपालही बंद, म्हणजे जेलमधून येणारी पत्रंसुद्धा गेली. अशा वेळी "सेटिंग करून सोडवतो, पन्नास हजार द्या" म्हणणारे घरी येतात, एक रुपया देऊ नका.

आणि अर्जावर जो मोबाईल नंबर दिलाय त्याचं रिचार्ज संपू देऊ नका, ठाण्यातून व्हेरिफिकेशनचा फोन त्यावरच येणार आहे, घरातलं कोणी वीटभट्टीवर गेलं तर नंबर शेजारच्याकडे ठेवून जा.