मॉड्युलर अग्निशमन प्रशिक्षण केंद्रासाठी निधी मागताना या चुका टाळा

कारखान्यात तयार होऊन येणारे, जागेवर एकमेकांना जोडता येणारे आणि आत आग लावून सराव करता येईल असे पोलादी कप्पे वापरून प्रशिक्षण केंद्र उभारणे हा मार्ग अग्निशमन दलांना परवडणारा वाटतो आणि बांधीव इमारतीच्या तुलनेत बहुतेक वेळा तो तसा असतोही. तरीही असे प्रस्ताव परत येतात किंवा मंजूर होऊन मध्येच अडकतात. त्याचे कारण शोधू गेल्यास ते आगीच्या तंत्रात क्वचितच सापडते. बहुधा ते दरपत्रकात, लेखाशीर्षात किंवा करारात दडलेले असते.

दरपत्रक म्हणजेच प्रकल्पाचा खर्च असे समजणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. पुरवठादाराच्या दरपत्रकात कप्पे, जिने, दारे-खिडक्या आणि उष्णतारोधक अस्तर असते. माती परीक्षण, पाया, क्रेन, वाहतूक, वीज, पाणी आणि निचरा यांचा त्यात बहुधा उल्लेखही नसतो. कप्पा जहाजी कंटेनरचा असेल, तर तो आपला भार चार कोपऱ्यांतील ओतीव तुकड्यांवर पेलतो, त्यामुळे पायाचे आधार नेमके त्या कोपऱ्यांखाली यावे लागतात. पुढे वरचा मजला चढवायचा असेल, तर त्याचे वजन पहिल्याच दिवशी पायाच्या आराखड्यात धरावे लागते. शिवाय बाजूची पन्हळी भिंत हीदेखील ताकदीचा भाग असल्याने दारासाठी ती कापली, की मजबुतीकरणाचा खर्च वाढतो.

पाण्याचेही तसेच आहे. प्रत्यक्ष आगीवरील सरावासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एनएफपीए (तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना) 1403 या मानकानुसार प्रत्येक होजमधून (पाण्याच्या नळीतून) मिनिटाला किमान 360 लिटर पाणी मिळाले पाहिजे आणि आगीवर थेट मारा करणारी होज व राखीव होज यांचा पुरवठा स्वतंत्र असला पाहिजे. दोन्ही होज वीस मिनिटे चालल्या तर 14,400 लिटर पाणी लागते, आणि काजळी व राख मिसळलेल्या त्या पाण्यातला वाफ न झालेला भाग गोळा करण्याची सोयही करावी लागते. ही सोय अंदाजपत्रकात नसेल, तर तपासणारा अभियंता पहिला प्रश्न तिच्याविषयीच विचारील.

देणगीत मिळालेल्या जुन्या कंटेनरचा मोह इथेच तपासून घ्यावा. त्याची जमीन साधारण 28 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची असते आणि त्या लाकडावर बहुधा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. आत आग लावण्यापूर्वी ते उचकटून काढावे लागते, आतील रंग खरवडावा लागतो, आणि मग अस्तर, धूर सोडण्याच्या झडपा व तापमान मोजणारे संवेदक बसवावे लागतात. फुकट आलेल्या वस्तूवर एवढा खर्च होतो, हे प्रस्तावात आधीच लिहिलेले बरे.

साधन की बांधकाम, हे न ठरवणे

हाच कप्पा चाकांवर उभा असेल तर तो साधनसामग्रीत मोडतो आणि काँक्रीटच्या पायाला कायमचा जखडला तर निधी देणारी संस्था त्याला इमारत मानू शकते. अमेरिकेतील अग्निशमन दलांसाठीच्या संघीय साहाय्य अनुदानात प्रशिक्षणाची साधने मागता येतात, पण नव्या इमारतीसाठी पैसे मिळत नाहीत. त्यामुळे प्रस्तावात ‘उभारणी’ हा शब्द सैलपणे वापरला, तरी अर्ज चुकीच्या गटात जाण्याचा धोका असतो. निधी कोणाचाही असो, आपल्या रचनेचे वर्गीकरण काय होईल हे अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावे आणि उत्तर धारिकेत ठेवावे. तोंडी आश्वासन लेखापरीक्षणात कोणी मानत नाही.

स्वतःचा हिस्सा ठरवतानाही घाई होते. याच अनुदानात 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या क्षेत्रातील दलाला 5 टक्के, त्यापुढे 10 लाखांपर्यंत 10 टक्के आणि त्याहून मोठ्या क्षेत्रातील दलाला 15 टक्के पूरक रक्कम उभी करावी लागते. जमिनीची किंमत किंवा स्वयंसेवकांचे श्रम आपल्या हिश्श्यात धरता येतील, असे गृहीत धरून अनेक प्रस्ताव लिहिले जातात. काही योजनांत ते चालते, काहींत चालत नाही, आणि उत्तर नकारार्थी आले की सगळे गणित कोसळते.

गरजेऐवजी यंत्रणेचे वर्णन करणे

प्रस्तावाची पहिली तीन पाने कप्प्यांच्या वैशिष्ट्यांनी भरलेली असतील तर वाचणाऱ्याला दलाची अडचण कळत नाही. त्यापेक्षा साधा हिशेब मांडावा. समजा, दलात 60 जवान आहेत आणि प्रत्येकाला वर्षातून 4 वेळा प्रत्यक्ष आगीवर सराव द्यायचा आहे, म्हणजे 240 हजेऱ्या होतात. एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त 5 प्रशिक्षणार्थी हे 1403 चे प्रमाण धरले तर 48 गट पडतात, आणि दिवसाला 3 गट घेतल्यास 16 दिवस लागतात. आता हे 16 दिवस दूरच्या केंद्रावर गेल्यास किती बंब किती तास कार्यक्षेत्राबाहेर राहतील ते लिहावे. मंजुरी या आकड्यांवर मिळते, रंगीत चित्रांवर नाही.

हाच हिशेब खर्चाच्या बाजूलाही उपयोगी पडतो, कारण त्यातून प्रशिक्षक, सुरक्षा अधिकारी आणि आग पेटवणारा स्वतंत्र माणूस यांची गरज आपोआप दिसते. ही माणसे काटकसरीच्या यादीत टाकू नयेत. 1982 साली कोलोरॅडोतील बोल्डर येथे सरावाच्या आगीत दोन अग्निशमन जवानांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर 1986 मध्ये 1403 हे मानक पहिल्यांदा प्रसिद्ध झाले.

मंजुरीआधी कुदळ मारणे

पैसे येणारच आहेत म्हणून जागा सपाट करून ठेवण्याचा उत्साह अनेकांना भोवतो. बऱ्याच योजनांत पर्यावरण व वारसास्थळांची तपासणी पूर्ण होण्यापूर्वी केलेल्या खोदकामामुळे निधीच धोक्यात येतो, मग ते काम स्वतःच्या पैशाने केलेले असले तरीही.

चालू खर्चाचा विसर

भांडवली अनुदानातून कप्पे येतात. पेंढा, प्रक्रिया न केलेले लाकूड, गॅस, अस्तराचे तुकडे आणि ठरावीक काळाने होणारी अभियंत्याची तपासणी दलाच्याच पैशातून करावी लागते. पोलादाची ताकद साधारण 600 अंश सेल्सिअसच्या आसपास निम्म्याहून खाली येते, म्हणून मूळ सांगाड्याला आगीपासून वाचवणारे अस्तर हा बदलत राहण्याचाच भाग आहे. प्रत्येक आगीची नोंदवही ठेवल्यास अस्तर कधी बदलावे लागेल याचा अंदाज दोन-तीन वर्षांत हाती येतो.

अनेक दलांनी मिळून केंद्र घेतल्यास खर्च वाटला जातो, पण अस्तर कोणी बदलायचे, विमा कोणाच्या नावावर आणि शनिवार-रविवार कोणाला, हे करारात नसेल तर भांडणे पहिल्याच हंगामात सुरू होतात. वापराच्या तासांनुसार वर्गणी ठेवणे मला समान वाट्यापेक्षा न्याय्य वाटते, कारण लहान दलाला मोठ्या दलाच्या राखेचा खर्च सोसावा लागत नाही.

मागणीपेक्षा कमी रक्कम मंजूर झाल्यास

अशा वेळी पहिली कात्री निचऱ्याला किंवा अस्तराला लागते आणि केंद्र वापरताच येत नाही. त्याऐवजी मजला कमी करावा, खोल्या कमी कराव्यात, गॅसची यंत्रणा पुढच्या टप्प्यावर ढकलावी. पाया मात्र अंतिम भारासाठीच घालावा. पहिला टप्पा एकट्यानेही सरावाला उपयोगी पडला पाहिजे. बदललेले अंदाजपत्रक निधी देणाऱ्या संस्थेकडून लेखी मान्य करून घेतल्याशिवाय पुरवठादाराला नवा आदेश देऊ नये, कारण उपयोगिता प्रमाणपत्र भरताना मंजूर बाब आणि प्रत्यक्ष खरेदी यांची ओळीला ओळ लावून तपासणी होते.