अ‍ॅनिमेशन मालिकांचे परीक्षण शिकू पाहणाऱ्यांसाठी : बडोद्यातील अनुभव

लोकप्रिय चित्रपटांवरून किंवा कॉमिक्सवरून बेतलेल्या दूरचित्रवाणीवरील अ‍ॅनिमेशन मालिकांविषयी मी बऱ्याच वर्षांपासून मराठी आणि अधूनमधून गुजराती नियतकालिकांतून लिहीत आले आहे. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत कला-इतिहास शिकत असताना रेषा, रंग आणि रचना यांविषयी जे कानावर पडले, ते या लेखनात मला सर्वाधिक उपयोगी पडले. आता दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील मराठी घरांतली मुलेमुली येऊन विचारतात, “ताई, आम्हालाही असे लिहायचे आहे, सुरुवात कुठून करू?” त्यांना तुकड्यातुकड्याने जे सांगत आले, ते येथे एकत्र मांडते आहे.

अशा मालिकांचे परीक्षण बहुतेक वेळा एकाच वाक्यात उरकले जाते : मूळ चित्रपटाची सर हिला नाही. हे वाक्य लिहिण्यासाठी मालिका पाहण्याचीही गरज नसते, म्हणूनच ते वाचकाच्या काही कामाचे नाही. चित्रपटाकडे दोन तास, मोठा पडदा आणि मोठा खर्च असतो; मालिकेच्या एका भागाकडे जाहिराती वजा जाता सुमारे बावीस मिनिटे असतात, पण असे भाग मात्र पुष्कळ असतात. म्हणून माझ्या मते परीक्षकाने धरून ठेवण्यासारखा प्रश्न एकच आहे. मूळ कलाकृतीत नव्हते असे या मालिकेने काय उभे केले, आणि ते स्वतःच्या हातातील साधनांनी उभे केले का?

हा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर ‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’ या मालिकेतील ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग मी प्रत्येक नवोदिताला पाहायला सांगते. ही मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९९२ मध्ये सुरू झाली. त्यातील मिस्टर फ्रीझ हे पात्र कॉमिक्समध्ये १९५९ साली ‘मिस्टर झिरो’ या नावाने आले होते आणि गोठवणारी बंदूक घेऊन चोऱ्या करणारा एक दुय्यम खलनायक, यापलीकडे त्याला फारसे व्यक्तित्व नव्हते. पॉल डिनी यांनी लिहिलेल्या आणि ब्रूस टिम यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागाने त्याला नोरा नावाची आजारी पत्नी दिली, तिच्यावर इलाज सापडेपर्यंत तिला गोठवून ठेवणारा शास्त्रज्ञ म्हणून त्याला उभे केले, आणि पैशांच्या हिशेबापायी तो प्रयोग बंद पाडणारा एक कंपनीमालक त्याच्यासमोर ठेवला. या भागाच्या लेखनाला डेटाइम एमी हा अमेरिकन दूरचित्रवाणीवरील पुरस्कार मिळाला. पुढे कॉमिक्सने हीच कथा आपलीशी केली आणि १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ या चित्रपटातही तीच घेतली गेली. जोकरची साथीदार हार्ली क्विन हे पात्रही याच मालिकेत १९९२ साली प्रथम आले आणि नंतर कॉमिक्समध्ये आणि चित्रपटांत गेले. मूळ कलाकृतीला जी मालिका परतफेड करू शकते, तिला दुय्यम म्हणणे मला पटत नाही.

मात्र पुरस्कार आणि प्रभाव सांगून परीक्षण होत नाही. बावीस मिनिटे कशी वापरली गेली हे दाखवावे लागते. या भागाच्या आरंभी ब्रूस वेनला, म्हणजे बॅटमॅनला, पडसे झालेले असते आणि त्याचा सेवक आल्फ्रेड त्याच्यासोबत थर्मासमध्ये गरम चिकन सूप देतो. तो प्रसंग घरगुती, हलकाफुलका वाटतो. शेवटी तेच गरम सूप फ्रीझच्या थंडगार काचेच्या शिरस्त्राणावर पडते, काच तडकते आणि लढाई संपते. घरात कोणीतरी काळजीपोटी दिलेली वस्तू, ज्याची पत्नी हरवली त्या माणसाला हरवते. हे लेखकाने कुठेही बोलून दाखवलेले नाही. परीक्षकाने अशा जागा हुडकून वाचकापुढे ठेवल्या पाहिजेत, आणि त्यासाठी भाग किमान दोनदा पाहावा लागतो. पहिल्या वेळी आपण गोष्टीच्या मागे धावत असतो.

एकदा आवाज पूर्ण बंद करूनही पाहावे. ही सवय मी ललित कला शाखेतील चित्रकला शिकणाऱ्या मैत्रिणींकडून उचलली. संवाद नसले की पात्राचा उभे राहण्याचा ढंग, हाताची हालचाल आणि पार्श्वभूमी यांवर सगळा भार येतो, आणि जिथे चित्रकाराने पाट्या टाकल्या आहेत तिथे ते लगेच उघडे पडते. बॅटमॅनच्या याच मालिकेत एरिक रॅडोम्स्की यांच्या कल्पनेनुसार पार्श्वभूमी पांढऱ्या कागदावर न रंगवता काळ्या कागदावर रंगवली जात असे. त्यामुळे अंधार आधीपासूनच असे आणि रंगाने फक्त उजेड काढला जाई. गोथम शहराची ती घट्ट रात्र आवाज बंद केल्यावर किती नीट कळते, हे प्रत्यक्ष पाहूनच पटेल.

येथे उत्पादनाची थोडी माहिती असणे अत्यावश्यक आहे. अमेरिकेत त्या काळी रोज दाखवायच्या मालिकेसाठी पासष्ट भागांची मागणी नोंदवण्याची पद्धत होती, कारण आठवड्याचे पाच दिवस आणि तेरा आठवडे असा तो हिशेब बसतो. इतके काम एका स्टुडिओला झेपत नसे, म्हणून ते जपान आणि कोरियातील वेगवेगळ्या स्टुडिओंना वाटून दिले जाई. ‘फीट ऑफ क्ले’ ही दोन भागांची कथा या दृष्टीने फार शिकवणारी आहे, कारण तिचा पहिला भाग कोरियातील एकॉमने आणि दुसरा जपानमधील टीएमएसने चितारला. कथा तीच, पात्रे तीच, तरीही पहिल्या भागातील हालचाल जड आणि तुटक वाटते. दुसऱ्या भागाच्या अखेरीस क्लेफेस या नटाला त्याच्याच जुन्या भूमिकांच्या चित्रांनी भरलेल्या पडद्यांसमोर उभे केले जाते, आणि त्याचे मातीचे शरीर ताबा सुटून एका चेहऱ्यातून दुसऱ्या चेहऱ्यात वितळत जाते. हे दोन भाग लागोपाठ पाहिले की चांगले अ‍ॅनिमेशन म्हणजे काय, हे व्याख्येविना समजते. ज्याला ही कामाची वाटणी ठाऊक नाही, तो एका फिकट भागावरून साऱ्या मालिकेच्या दिग्दर्शनाला दोष देऊन मोकळा होतो. यासाठी श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचावी. ऑनलाइन मंचावर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर ती बंद करून ठेवावी.

लांब चाललेल्या मालिकेचा प्रश्न निराळा असतो. ‘स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स’ची सुरुवात ऑगस्ट २००८ मध्ये एका चित्रपटाने झाली, आणि तो मुळात दूरचित्रवाणीसाठी केलेले भाग जोडून बनवलेला होता. त्यावर टीकेची झोड उठली, आणि ती बव्हंशी रास्त होती : पात्रांचे चेहरे लाकडी बाहुल्यांसारखे ताठ होते आणि अनाकिनची नवी शिष्या अहसोका निव्वळ तोंडाळ वाटत होती. परंतु २००२ च्या आणि २००५ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांच्या मधली जी युद्धाची वर्षे मोठ्या पडद्यावर आलीच नव्हती, ती या मालिकेने भरून काढली. चित्रपटांत एकसारख्या चेहऱ्यांचे, बिनओळखीचे वाटणारे क्लोन सैनिक, म्हणजे एकाच माणसाच्या हुबेहूब प्रती, येथे नाव, केशरचना आणि चिलखतावरील रंग यांनी वेगळे झाले. त्या सर्वांना डी ब्रॅडली बेकर या एकाच कलाकाराने आवाज दिला आहे, तरी त्यांच्यातील भित्रा, हट्टी आणि शहाणा आपण डोळे मिटून ओळखू शकतो. पाचव्या हंगामाच्या अखेरीस खोट्या आरोपातून सुटूनही अहसोका जेडाय या योद्ध्यांचा संघ सोडून निघून जाते, तो प्रसंग मला मूळ चित्रपटांतील कितीतरी प्रसंगांहून मोठा वाटतो. मालिका बंद पडून पुन्हा उभी राहिली आणि २०२० मध्ये संपली. पहिल्या चित्रपटावरून तिचा निकाल लावणारे लेख आज वाचवत नाहीत.

आवाजाविषयी आपल्याकडे फार कमी लिहिले जाते, आणि याची मला मनापासून खंत वाटते. बडोद्यातील मराठी मूल घरी मराठी बोलते, गल्लीत गुजराती बोलते आणि कार्टून हिंदीत पाहते. त्याचा कान तयार असतो, परीक्षकाचाही तसा असायला हवा. ‘लोटपोट’ या मासिकातील पात्रांवरून २०१२ मध्ये आलेल्या ‘मोटू पतलू’त दोन्ही नायकांना सौरव चक्रवर्ती या एकाच कलाकाराने आवाज दिला आहे; एकाची घाई आणि दुसऱ्याचा ठहराव केवळ स्वरातून कसा उभा राहतो, यावर एक परिच्छेद लिहून पाहा. परदेशी मालिका हिंदीत पाहत असाल, तर मूळ आवाजही ऐका, कारण डबिंगमध्ये विनोद पुष्कळदा नव्याने भरलेले असतात आणि त्यांचे श्रेय किंवा दोष मूळ लेखकाच्या पदरात टाकणे अन्यायाचे ठरते.

हिंदी चित्रपटांवरून निघालेल्या मालिकांचा कस लावताना वय ध्यानात घ्यावे लागते. ‘सिंघम’ हा २०११ चा चित्रपट प्रौढांचा आहे, त्यातील राग व्यवस्थेवरचा आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली ‘लिटल सिंघम’ लहानग्यांसाठी आहे. तिला चित्रपटाचे मोजमाप लावणे चूक, पण लहान मुलांसाठी आहे म्हणून हात आखडता घेणेही चूक. माझा आक्षेप असा, की चित्रपटातून वर्दी आणि आवेश तेवढा घेतला गेला आणि नायकाला काही शिकावे लागेल अशी अडचण फार थोड्या वेळा त्याच्यापुढे येते. ‘बाहुबली : द लॉस्ट लेजेंड्स’ ही २०१७ ची मालिका मला अधिक विचाराने बेतलेली वाटते. राजा ठरण्याच्या आधीच्या काळात दोघे भाऊ तीत दिसतात, आणि पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे त्यांच्यातील साधा जिव्हाळाही चटका लावतो.

मुलांच्या मालिकांबाबत मी मुलांसोबत बसूनच टिपणे काढते. माझी भाची जमिनीवर पालथी पडून खडूंनी चित्रे रंगवत असते आणि तिचे अर्धेच लक्ष पडद्याकडे असते. ती कोणत्या क्षणी मान वर करते, ती वेळ मी वहीत टिपून ठेवते. संगीत बदलले, कोणी एकटे पडले, किंवा मोठे माणूस चुकले, की तिचा खडू थांबतो. मारामारीत तो बहुधा चालूच राहतो. “मावशी, हे परत लाव,” असे ती ज्या प्रसंगासाठी म्हणते, तो मी पुन्हा एकटीने पाहते. तिच्या आवडीवरून मी गुण देत नाही, पण मालिका ज्याच्यासाठी आहे त्याला ती कुठे भिडली, हे मला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळले नसते.

व्यवसाय म्हणून सांगायचे, तर केवळ या लेखनावर घर चालणे अवघड आहे. अध्यापन, अनुवाद किंवा संपादन यांची जोड असावी. संपादकाकडे जाताना तीन नमुने हातात ठेवा : मनापासून आवडलेल्या मालिकेवरचा, न आवडलेल्या मालिकेवरचा आणि एखाद्या भारतीय मालिकेवरचा. न आवडलेल्यावरचा लेख संपादक आधी वाचतात, कारण लेखक तोल राखतो की नाही हे त्यातून दिसते. थोडे चित्र काढायलाही शिका. हात वाईट असला तरी चालेल, स्टोरीबोर्डच्या, म्हणजे प्रसंगाच्या चित्र-आराखड्याच्या, चार चौकटी स्वतः काढून पाहिल्या की दिग्दर्शकाने कॅमेरा खाली का ठेवला हे उमगू लागते.

प्रदर्शनापूर्वी परीक्षकांना बऱ्याचदा हंगामाचे सुरुवातीचे काही भागच दिले जातात. तेव्हा किती भाग पाहिले, कोणत्या भाषेत पाहिले आणि कोणत्या क्रमाने पाहिले, हे लेखात स्पष्ट लिहावे. क्रम क्षुल्लक नसतो : बॅटमॅनच्या मालिकेचा सर्वांत आधी तयार झालेला भाग ‘ऑन लेदर विंग्ज’ होता, पण प्रक्षेपणाची सुरुवात कॅटवुमनच्या कथेने झाली, आणि ‘द क्लोन वॉर्स’चे भागही घटनाक्रमाने दाखवले गेले नाहीत. हंगाम संपल्यावर मत बदलले, तर त्याच संपादकाकडे दुसरा लेख मागावा आणि आधीच्या लेखाचा महिना त्यात नोंदवावा, म्हणजे वाचकाला दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.