होडीचं सामान ऑनलाइन घेताना
होडीसाठी शॅकल (दोर-साखळी जोडायची कडी), नट-बोल्ट ऑनलाइन स्वस्तात दिसले, तरी नुसत्या ‘स्टेनलेस स्टील’ला भुलू नका. खाऱ्या पाण्याला ३१६ ग्रेडच हवा. त्यात गंजाला आवर घालणारं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. ३०४ ग्रेडवर लवकरच तांबूस ठिपके पडतात. लोहचुंबक लावून दोघांतला फरक कळत नाही, म्हणून धातूवर कोरलेला आकडा बघा. आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचा, इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारं रबरी पात्यांचं चाक) मात्र रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळच्या दुकानातूनच घ्यावा. जुना सोबत न्या, पाती मोजा, भोक जुळवून बघा. चार पैसे जास्त जातील, पण ऐन हंगामात पार्सलची वाट बघत होडी बांधून ठेवणं कुणाला परवडतंय? टॉर्च, ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी पिशवी) खुशाल ऑनलाइन मागवा.