युरोव्हिजनची गाणी ऐकायची तर सुरुवात कुठून करायची (ठाणे-वाशी लोकलवाल्यांसाठी)

युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा, 1956 पासून चालू आहे, गाणी हजाराच्या वर, त्यामुळे नवीन माणूस विनर्सची लिस्ट काढतो, पहिल्यापासून ऐकायला लागतो आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतो. तसं करू नका प्लीज, खूप भारी गाणी राहून जातात.

आधी घरच्या वायफायवर गाणी डाउनलोड करून ठेवा, गर्दीत नेटचा भरवसा नसतो. नियमानेच गाणं तीन मिनिटांच्या वर जात नाही, त्यामुळे ठाण्याला ट्रान्स हार्बर पकडली की वाशी येईपर्यंत आठ-नऊ गाणी आरामात होतात.

पहिलं लावा ते हरलेलं गाणं. 1958 ला इटलीचा दोमेनिको मोदुन्यो 'नेल ब्लू दिपिंतो दि ब्लू' गायला, लोक त्याला 'व्होलारे' म्हणून ओळखतात, स्पर्धेत तिसरं आलं आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी घेऊन गेलं, ते पण इटालियनमध्ये! मग आबा (ABBA) या स्वीडिश बँडचं 'वॉटर्लू', 1974, स्पर्धा ब्रायटनला होती. मग 1988 ची सेलीन डिऑन, कॅनडाची पोरगी स्वित्झर्लंडकडून फ्रेंचमध्ये गायली आणि फक्त एका पॉइंटने जिंकली. आवाज ऐका तिचा, तेव्हाच कळतं ही कुठे जाणार. ऐरोलीच्या आसपास झोप यायला लागली तर फिनलंडच्या लॉर्डीचं 'हार्ड रॉक हालेलुया' लावा, 2006, राक्षसांचे मुखवटे घालून जिंकले होते ते.

आता महत्त्वाचं. लोकलमध्ये नुसतं ऐकलंत तरी घरी येऊन तीच गाणी स्टेजवरची बघाच, स्टुडिओ व्हर्जनवर मत बनवू नका. मेन सिंगरला लाइव्हच गावं लागतं तिथे, खरी परीक्षा तीच. लोरीनचं 'युफोरिया' बघा, 2012, बाकू. अनवाणी, अंधारात, जवळजवळ पूर्ण गाणं एकटी, शेवटी शेवटी एक डान्सर येतो आणि वरून खोटा बर्फ पडत असतो, आणि एवढी अंगाची हालचाल करून आवाज कुठे हलत नाही. आणि पोर्तुगालचा साल्व्हादोर सोब्राल, 2017, 'आमार पेलुश दोइश', बहिणीने लिहिलेलं गाणं, मोठं स्टेज सोडून प्रेक्षकांच्या मधे उभा राहून गायला, ना आग ना डान्सर. माझ्या मते इतक्या वर्षांतलं सगळ्यात सुंदर गाणं हेच, शब्द कळत नसले तरी आधी तसंच ऐका, अर्थ नंतर शोधा.

पॉइंट्स बघून गाण्यांची तुलना मात्र करू नका. नॉर्वेच्या अलेक्झांडर रिबाकला 2009 ला 387 मिळाले आणि सोब्रालला 758, म्हणजे तो दुप्पट भारी असं नाही, 2016 पासून ज्युरी आणि पब्लिकचे पॉइंट्स वेगवेगळे धरतात म्हणून आकडे फुगलेत.

एवढं ऐकून झालं की मे महिन्यातली फायनल लाइव्ह बघा, ऑफिशियल यूट्यूब चॅनलवर असते. आपल्याकडे शनिवारी रात्री साडेबाराला सुरू होते, रिझल्ट लागेपर्यंत चार वाजून जातात, तेव्हा दुपारी झोप काढून घ्या आणि सोसायटीत राहत असाल तर हेडफोन लावा. 2023 पासून आपल्यालाही ऑनलाइन मत देता येतं, थोडे पैसे लागतात, इंटरनॅशनल पेमेंट चालणारं कार्ड आधीच हाताशी ठेवा.