स्टेजवर हातपाय कापतात? मग हे करून बघा

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी विंगेत उभी होते, जीभ टाळूला चिकटलेली, हातातला कागद नुसता फडफडत होता. तुमचंही असं होत असेल तर आधी डॉक्टरांना गाठा, मैत्रिणीच्या पर्समधली गोळी घेऊ नका प्लीज.

बहुतेकदा प्रोप्रॅनोलॉल देतात, साधारण १० ते ४० मिलिग्रॅम, कार्यक्रमाच्या तासभर आधी. ही गोळी अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा आणि स्नायूंवरचा परिणाम अडवते, म्हणजे धडधड आणि थरथर कमी होते, पण डोक्यातले "मी विसरणार" वाले विचार ती थांबवत नाही. दमा असेल तर ही चालतच नाही, बीपी किंवा नाडी कमी असेल, इन्सुलिन चालू असेल तर तेही आधीच सांगा. आणि पहिला डोस कार्यक्रमाच्या दिवशी नकोच, तालमीच्या दिवशी घेऊन बघा. अल्प्राझोलाम या चिंतेवरच्या गोळीने झोप येते, संवाद विसरायला होतात, सवयही लागते, म्हणून मला ती यासाठी पटत नाही.

विचारांसाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी. थेरपिस्टबरोबर भीतीची शिडी बनवायची: आधी मोबाईलवर रेकॉर्डिंग, मग घरच्यांसमोर, मग सोसायटीच्या गणपतीत पाच मिनिटं निवेदन, मग मोठं स्टेज. प्रत्येक पायरीआधी काय वाईट होईल ते वहीत लिहायचं, नंतर खरंच काय झालं ते शेजारी लिहायचं. मध्येच पळायचं नाही, भीती ओसरेपर्यंत तिथंच थांबायचं, खरं काम तिथंच होतं. कुणाशी बोलावं कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.