पुराआधी कॅज्युअल्टीच्या रजिस्टरची तयारी

जून लागायच्या आत औषधांचा साठा, जनरेटरचं डिझेल, होडीवाल्यांचे नंबर हे सगळं आपण बघतोच. 2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45 फूट असताना. 2021च्या जुलैत पुन्हा पूर. तेव्हापासून या तयारीत कुणी कसूर करत नाही. पण कॅज्युअल्टीच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाच्या, टेबलावरचं रजिस्टर कुणाच्या यादीत नसतं, आणि साथीची चाहूल पहिल्यांदा तिथेच लागते. लॅबचा रिपोर्ट यायला वेळ जातो; जुलाब-उलट्यांचा पेशंट मात्र रात्री दोनला दारात उभा असतो.

आधी तक्रारीचा रकाना रुंद आखून घ्या. त्यात पेशंट बोलतो तेच लिहायचं, निदान नंतर. नुसतं 'ताप' लिहिलं तर पुढे काहीच कळत नाही. 'तीन दिवस ताप, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल' असं लिहिलं की लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप) शंका त्याच रात्री घेता येते. रात्रपाळीच्या सिस्टरना हे बसून समजावून सांगा.

पत्त्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. 'सांगली' एवढ्यावर भागत नाही. गल्ली, मळा, वस्ती हवी, आणि प्यायला पाणी नळाचं, टँकरचं की बोअरचं तेही. पूर आला की माणसं शाळेत, मंगल कार्यालयात, पाहुण्यांकडे जातात. म्हणून रकाने दोन: मूळ गाव आणि सध्याचा मुक्काम. हरिपूरच्या आजी मिरजेच्या निवारा केंद्रातून जुलाब घेऊन आल्या, तर आधी केंद्रातलं पाणी तपासायचं. लेप्टो असेल तर मूळ गाव बघायचं, कारण तो साधारण 5 ते 14 दिवसांनी उठतो आणि तोवर माणसाने जागा बदललेली असते.

गेल्या तीन-चार पावसाळ्यांचे आठवड्यावार आकडे आत्ताच काढून ठेवा: ताप, जुलाब, कावीळ, सर्पदंश. नेहमीचं किती, हे माहीत नसेल तर वाढ ओळखणार कशी? रविवारची तुलना रविवारशीच करा; त्या दिवशी ओपीडी बंद, सगळी गर्दी कॅज्युअल्टीत.

रोज सकाळी पाळी बदलताना कालची बेरीज कोण करणार, त्याचं नाव ठरवा, आणि तो रजेवर असेल तर दुसऱ्याचं. बेरीज करताना कमी झालेले आकडेही बघा. एरवी रोज दोन-चार पेशंट येणाऱ्या गावाचं नाव दोन दिवस दिसलं नाही, तर बहुधा रस्ता बंद आहे. तिथल्या आशाताईंना फोन लावा. याकडे आपलं लक्ष फार कमी जातं, आणि जीव तिथेच जातात.

एकाच वस्तीतून एका दिवसात जुलाबाचे दोन-तीन पेशंट आले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लगेच कळवा, खात्रीची वाट बघू नका. साथरोगांच्या नोंदीसाठीच्या सरकारच्या आयएचआयपी पोर्टलवरची नोंद चालू राहीलच, पण फोन आधी. व्हॉट्सॲपवर वय, वस्ती आणि तक्रार एवढंच पाठवा. नाव आणि मोबाईल नंबर नको.

शौचाच्या नमुन्याच्या बाटल्या कॅज्युअल्टीतच ठेवा. नमुना अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचा, सलाईन मात्र त्यासाठी थांबवायचं नाही. आणि रजिस्टरची जागा आत्ताच वरच्या मजल्यावर ठरवून टाका.